रुळांना अडवले, उपग्रहांना कोण अडवणार?

पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या दुर्बिणीसाठी बदलणार असेल, तर त्या दुर्बिणीच्या डोक्यावरची शांतता राखण्याची जबाबदारीही सरकारला घ्यावी लागेल

सिन्नरच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीची वाट पाहताना रेल्वेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘दुर्बिणीमुळे आपली रेल्वे गेली.’ या वाक्यात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती, गोंदे येथे समृद्धी महामार्गावर चढण्याची सोय, पुण्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग, एवढे सगळे असूनही सिन्नर शहराला आजही रेल्वेस्थानक नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेने ती उणीव भरून निघेल, असे तालुक्याने धरून ठेवले होते. आता मूळ मार्ग नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला आहे.

या वादात दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे, ताऱ्यांचे आवाज ऐकण्यासाठी चार तालुक्यांचा विकास अडवायचा का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जागतिक दर्जाच्या प्रयोगशाळेपुढे एका रेल्वेचे काय? दोन्ही बाजूंनी एक मुद्दा सुटतो. दुर्बिणीला फक्त जमिनीवरून त्रास होत नाही. तिच्या डोक्यावरून आज हजारो खासगी उपग्रह फिरत आहेत आणि त्यांच्याबाबत आपले धोरण अजून स्पष्ट नाही. म्हणून या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: शांततेसाठी सिन्नरने रेल्वेचा मार्ग सोडायचा असेल, तर तीच शांतता आकाशातही राखण्याची लेखी हमी सरकारने द्यावी. नाहीतर हा त्याग वाया जाईल.

वाद नेमका काय आहे?

पुणे आणि नाशिक या दोन शहरांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग आजही नाही. कल्याणचा किंवा मनमाडचा वळसा घालावा लागतो. म्हणून ‘महारेल’ने सुमारे २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग प्रस्तावित केला. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा तो जाणार होता. ताशी २०० किलोमीटर वेग आणि सुमारे १६ हजार ३९ कोटी रुपये खर्च, असा तो आराखडा होता. राज्य सरकारच्या मान्यतेनंतर सिन्नर तालुक्यातही मोजणी आणि जमिनीची थेट खरेदी सुरू झाली. काही शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, काहींच्या जमिनी मोजून तशाच राहिल्या. नंतर हे काम थांबले.

पुढे रेल्वे मंत्रालयाने भूमिका घेतली की नारायणगावजवळची ‘जीएमआरटी’ ही दुर्बीण या मार्गामुळे बाधित होईल, त्यामुळे या मार्गाने रेल्वे नेणे शक्य नाही. त्याऐवजी नाशिक-शिर्डी आणि पुणे-अहिल्यानगर असे नवे मार्ग जोडून पर्याय देण्याचा विचार पुढे आला. जुन्नर, संगमनेर आणि सिन्नर या भागांतून मात्र मूळ मार्गाचीच मागणी होत आहे. कारण उघड आहे. सिन्नरच्या कारखान्याला चाकणशी थेट जोडणी हवी आहे. शिर्डी-अहिल्यानगरचा वळसा म्हणजे कांद्याची गोण नाशिकहून मुंबईला नागपूरमार्गे पाठवण्यासारखे नसले, तरी सरळ रस्ता सोडणे आहेच.

खोडदची दुर्बीण काय करते?

जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. जुन्नर तालुक्यात खोडद येथे, पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर ती उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती बांधली आणि तेच केंद्र ती चालवते. तिच्यामागे डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पना आणि चिकाटी होती. जाळीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातील १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरने एकत्र आणले की त्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात.

ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, रेडिओ लहरी टिपते. साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात तिचे काम चालते. टीव्ही, मोबाइल, वॉकीटॉकी यांचा पट्टाही बराचसा हाच. म्हणजे जिथे माणूस सर्वाधिक गोंगाट करतो, तिथेच ही दुर्बीण कान लावून बसली आहे.

खोडदची जागा उगाच निवडलेली नाही. आजूबाजूला डोंगर, त्यामुळे शहराचा गोंगाट अडतो. वारा फार नाही. भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला असल्याने वातावरणाच्या वरच्या थरातील अस्थिरता कमी, तरीही दक्षिणेकडच्या आकाशाचा मोठा भाग दिसतो. शिवाय पुणे जवळ. असा सगळा योग असलेली जागा शोधून तीस तबकड्या तिथे पुन्हा उभ्या करणे म्हणजे शून्यापासून सुरुवात करणे.

रेल्वेचा त्रास होतो म्हणजे काय होते?

घरात जुना रेडिओ असलेल्यांना हे लगेच कळेल. विविध भारती लागलेली असताना बाहेरून स्कूटर गेली की खरखर यायची. स्कूटरच्या इंजिनातली ठिणगी हे त्याचे कारण. ठिणगीला ठरावीक फ्रीक्वेन्सी नसते. ती एकाच वेळी सगळ्या फ्रीक्वेन्सींवर ओरडते.

विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या टपावरचा पेंटोग्राफ २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो. वेग वाढला की त्याचा तारेशी असलेला संपर्क क्षणभर सुटतो आणि ठिणगी पडते. त्याशिवाय इंजिनातील विजेची उपकरणे आहेत. आता त्यात दळणवळणाची भर पडली आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला सुरक्षा आणि संपर्कासाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम दिला. जीएमआरटीचा एक निरीक्षण पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आहे. दोन्ही एकमेकांवर येतात. शिवाय गाडीतल्या शेकडो प्रवाशांच्या हातात मोबाइल असतोच.

दूरच्या आकाशगंगांकडून येणारा संदेश किती क्षीण असतो, याची कल्पना एका हिशेबाने येते. एक साधा मोबाइल चंद्रावर ठेवून चालू केला, तर तो आकाशातील सर्वांत तेजस्वी अशा मोजक्या रेडिओ स्रोतांमध्ये जाऊन बसेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे. रेल्वेचे रूळ जाणार होते त्या नारायणगावहून दुर्बीण काही किलोमीटरवर.

त्यामुळे शास्त्रज्ञांची हरकत हा नखरा नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे पुस्तक उघडले तरी ती पटते. प्रश्न त्यापुढचा आहे. किती किलोमीटर अंतर ठेवले, बोगदा केला, उघड्या भागात आडोसा उभारला, ठरावीक पट्ट्यात गाडीचा वेग कमी केला, तर त्रास किती उरतो? याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे.

यात बाकीच्या जगाचा काय संबंध?

खूप आहे. जीएमआरटी २००२ पासून जगभरातील शास्त्रज्ञांसाठी खुली आहे. निरीक्षणाचा वेळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो, पासपोर्टवर नाही. तीसहून अधिक देशांतील संशोधकांनी ती वापरली आहे.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवर ऐकण्याचे काम खोडदच्या तबकड्यांनी केले. तो संदेश मंगळावरून इथे पोहोचायला ९ मिनिटे ४७ सेकंद लागत होते, म्हणजे अंतर साडेसतरा कोटी किलोमीटर. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात संदेश तुटला. यान कोसळल्याचे नंतर निश्चित झाले. ते तुटणे जगात सर्वांत आधी जिथे कळले, त्यात जुन्नर तालुका होता.

दुसरे उदाहरण २९ जून २०२३ चे. विश्वात पसरलेल्या, अतिशय कमी फ्रीक्वेन्सीच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळू लागल्याचे त्या दिवशी जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले. युरोपातील पाच मोठ्या दुर्बिणी आणि सहावी जीएमआरटी, अशा सहा दुर्बिणींची निरीक्षणे त्यातील एका गटाने एकत्र वापरली होती. भारतीय गटात जपानी शास्त्रज्ञही होते. स्पंदक ताऱ्यांच्या टिकटिकीतला अब्जांश सेकंदांचा फरक मोजायचा, तर मधल्या वायूमुळे होणारा उशीर वजा करावा लागतो. कमी फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या जीएमआरटीचे त्यात विशेष काम होते.

याच बळावर भारत ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जगातील सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात सहभागी झाला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ती उभी राहत आहे, मुख्यालय ब्रिटनमध्ये आहे. भारताने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. दुर्बिणीच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याचा मोठा वाटा आहे. इथे शिकलेले तिथे कामी येते. अवकाश क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की आपल्याला नासा आणि इस्रोचे करार आठवतात. त्या सहकार्याचा एक जुना, भक्कम खांब सिन्नरपासून दोन-अडीच तासांवर उभा आहे.

मग आकाशातून येणाऱ्या गोंगाटाचे काय?

खरी मेख इथे आहे. डोंगर बाजूचा आवाज अडवतो, वरचा नाही. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह जातो, तेव्हा त्याच्या आणि तबकडीच्या मध्ये काहीही नसते.

‘स्टारलिंक’सारख्या कंपन्यांचे हजारो उपग्रह इंटरनेटसाठी फिरत आहेत. त्यांचे अधिकृत प्रक्षेपण दहा गिगाहर्ट्झच्या वर चालते. तो जीएमआरटीचा पट्टा नाही. त्यामुळे कागदावर सगळे ठीक दिसते. पण २०२३ मध्ये नेदरलँड्समधील ‘लोफार’ दुर्बिणीने ६८ स्टारलिंक उपग्रह तपासले, त्यातील ४७ उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात रेडिओ लहरी गळत असल्याचे आढळले. हे प्रक्षेपण मुद्दाम केलेले नव्हते. उपग्रहातील इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी ती गळती होती, नळ बंद असूनही थेंब पडावेत तशी. २०२४ च्या तपासणीत नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती आधीच्यापेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त दिसली. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘एसकेए’च्या नमुना केंद्रावरील सुमारे ७ कोटी ६० लाख प्रतिमा तपासल्या. त्यात १,८०६ स्टारलिंक उपग्रहांच्या एक लाख १२ हजारांहून अधिक नोंदी सापडल्या.

आता जीएमआरटीचा सर्वांत खालचा निरीक्षण पट्टा पाहा. तो १२० ते २५० मेगाहर्ट्झ आहे. गळतीचा पट्टा बरोबर त्यात बसतो.

एक रेल्वे दिवसातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रुळावरून जाते. तिचे वेळापत्रक असते, ती एका दिशेला असते. उपग्रह सगळ्या दिशांनी, चोवीस तास येतात आणि त्यांची संख्या दर महिन्याला वाढते. रेल्वेला आपण जागेवरच नाही म्हणालो. उपग्रहांना काय म्हणालो?

भारताने उपग्रह इंटरनेटला परवानगी देताना काय केले?

दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये स्टारलिंकला सेवेचा परवाना दिला. जुलै २०२५ मध्ये ‘इन-स्पेस’ने तिच्या ४,४०८ उपग्रहांच्या ताफ्याला भारतातील सेवेसाठी मान्यता दिली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांना त्याचा लाभ देण्याचे नियोजन आहे.

या निर्णयांना विरोध करण्याचे कारण नाही. गडचिरोलीच्या आश्रमशाळेत इंटरनेट पोहोचणार असेल, तर ते हवेच. पण विसंगती डोळ्यांत भरते. ज्या राज्यात एका दुर्बिणीसाठी रेल्वेचा मार्ग बदलण्याची चर्चा आहे, त्याच राज्याने उपग्रह कंपनीशी हातमिळवणी करताना त्या दुर्बिणीचा शब्द जाहीर चर्चेत कुठेही ऐकू आला नाही. सिन्नरच्या शेतकऱ्याला दुर्बिणीचे महत्त्व समजावून सांगितले जाते. उपग्रह कंपनीलाही ते सांगायला हवे होते.

इथे एक आक्षेप येईल. परवाना दिला नाही तरी हे उपग्रह भारतावरून जाणारच, पृथ्वीभोवतीची कक्षा कुणाच्या मालकीची नाही, मग परवान्याचा संबंध काय? आक्षेप बरोबर आहे आणि परवान्याचे महत्त्व त्यातच आहे. आकाशातून जाण्याला आपण अडवू शकत नाही, पण भारताची बाजारपेठ प्रत्येक कंपनीला हवी आहे. त्या बाजारपेठेच्या दारात अट घालता येते. एकदा दार पूर्ण उघडले की अट घालण्याची वेळ निघून जाते.

आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतात?

१९६७ च्या बाह्य अवकाश करारावर भारताची सही आहे. या करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातील कृतीची जबाबदारीही संबंधित देशाची असते. दुसऱ्या देशाच्या कामात हानिकारक अडथळा येण्याची शक्यता असेल, तर आधी सल्लामसलत करावी, असेही तो सांगतो. तत्त्व चांगले आहे, पण मोजमाप नाही. किती गळती म्हणजे हानिकारक, हे त्यात नाही.

ते मोजमाप जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत असते. तिच्यात भारतासाठी एक खास ओळ आहे, जी फार कुणाला ठाऊक नसते. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा या भागात रेडिओ खगोलशास्त्रासाठी प्राथमिक दर्जाने राखलेला आहे, तो केवळ दोन देशांत: ऑस्ट्रेलिया आणि भारत. उपग्रहांच्या गळतीत हाच पट्टाही सापडला आहे. म्हणजे भारताला तक्रार करायला कागदावर आधार आहे.

अडचण अशी की हे नियम मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणासाठी लिहिलेले आहेत. उपग्रहातील इलेक्ट्रॉनिक्समधून होणाऱ्या गळतीसाठी स्पष्ट मर्यादा नाही. नियम करणाऱ्यांनी दोन-चार डझन उपग्रहांचा विचार केला होता. हजारो उपग्रह एकाच वेळी आकाशात असतील आणि प्रत्येकाचा थेंब मिळून धार होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हते.

हा नियम बदलण्याची संधी जवळ आली आहे. २०२७ मध्ये जागतिक रेडिओ परिषद होत आहे. तिच्या कार्यसूचीवर एक विषय असा आहे की ठरावीक ‘रेडिओ शांत क्षेत्रां’तील दुर्बिणींना उपग्रह ताफ्यांच्या एकत्रित गोंगाटापासून कसे वाचवायचे. त्याच परिषदेत उपग्रहावरून थेट मोबाइलला सेवा देण्यासाठी कोणते पट्टे खुले करायचे, हाही विषय आहे. ते पट्टे ६९४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतात, म्हणजे पुन्हा जीएमआरटीच्या अंगणात. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीनेही २०२५ पासून पाच वर्षांसाठी ‘अंधारे आणि शांत आकाश’ हा विषय चर्चेला घेतला आहे.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेने १९५८ मध्येच पश्चिम व्हर्जिनिया आणि आसपास सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय रेडिओ शांत क्षेत्र ठरवले. नाशिक जिल्ह्याच्या दुपटीहून ते मोठे आहे. तिथे प्रक्षेपक उभारण्याआधी दुर्बिणीशी समन्वय करावा लागतो. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलशास्त्रासाठी वेगळा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने मर्चिसन भागात शांत क्षेत्र आखले. हे देश दुर्बिणीची जागा आधी कायद्याने बांधतात, मग आजूबाजूचे रस्ते आणि रेल्वे आखतात.

उपग्रह कंपन्यांशीही बोलता येते, हे अमेरिकेने दाखवले आहे. तिथल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेने स्पेसएक्सशी समन्वय केला. दुर्बीण कुठे पाहते आहे, याची माहिती कंपनीला वेळच्या वेळी मिळते आणि त्यानुसार उपग्रह आपले झोत त्या दिशेपासून वळवतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या गळतीवर हा उपाय नाही, त्यासाठी उपग्रहाची रचनाच बदलावी लागेल. पण कंपन्या ऐकत नाहीत, हे खरे नाही. त्यांना विचारावे लागते.

आपल्याकडे जीएमआरटीचे संरक्षण उद्योगांच्या परवानग्यांवरील निर्बंध, स्पेक्ट्रमच्या वाटपातील समन्वय आणि वेळोवेळीच्या पत्रव्यवहारावर उभे आहे. स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच दोनशे किलोमीटरहून लांब रेल्वेचा आराखडा तयार होतो, जमिनी मोजल्या जातात, खरेदीखते होतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की वाटेत दुर्बीण आहे. ती दुर्बीण १९९० च्या दशकापासून तिथे उभी आहे. ४५ मीटरच्या तीस तबकड्या कुणाच्या नजरेतून सुटाव्यात अशा नाहीत. चूक सिन्नरकरांची नाही आणि शास्त्रज्ञांचीही नाही. रेल्वे, राज्य सरकार, अणुऊर्जा विभाग आणि दूरसंचार विभाग यांनी पहिल्याच दिवशी एका टेबलावर बसायचे होते, ते बसले नाहीत.

सिन्नरने काय मागावे?

पहिली मागणी, अभ्यास जाहीर करा. मूळ मार्गाने रेल्वे गेली तर जीएमआरटीच्या कोणत्या पट्ट्यात किती गोंगाट वाढतो, बोगद्याने किंवा मार्ग काही किलोमीटर सरकवल्याने तो किती कमी होतो, त्याचा खर्च किती, हे सगळे मराठीत लोकांसमोर ठेवा. आकडे पाहून ‘नाही’ ऐकायला लोक तयार असतात. नुसते ‘नाही’ म्हणजे सबब वाटते.

दुसरी, जीएमआरटीभोवतीच्या शांत क्षेत्राला कायद्याचे रूप द्या. त्याची हद्द नकाशावर आखा. आत काय चालेल आणि काय चालणार नाही, हे शेतकऱ्याला, कारखानदाराला आणि रेल्वेला एकाच कागदावरून कळू द्या. त्या कायद्यात भरपाईची तरतूदही हवी. देशाच्या विज्ञानासाठी एखाद्या पट्ट्याने उद्योग आणि रेल्वे सोडायची असेल, तर त्याची किंमत देशाने वाटून घ्यायला हवी. जुन्नर, संगमनेर आणि सिन्नरला दुसऱ्या मार्गाने वेगवान जोडणी, जमिनी अडकलेल्यांचा तातडीने निर्णय आणि या तालुक्यांतील महाविद्यालयांना दुर्बिणीच्या कामात वाटा, एवढे तरी त्यात असावे.

तिसरी, उपग्रह परवान्यात शांततेची अट घाला. भारतात सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या उपग्रहांची गळती किती, हे मोजून सादर करावे. जीएमआरटीवर झोत न टाकण्याची हमी द्यावी आणि पुढच्या पिढीच्या उपग्रहांत गळती कमी करण्याचे वेळापत्रक द्यावे. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि परवानगीचे अधिकार इन-स्पेसकडे दिले. अधिकार असेल, तर अट घालण्याची जबाबदारीही तिचीच.

चौथी, २०२७ च्या परिषदेत भारताने जीएमआरटीचे नाव घेऊन भूमिका मांडावी. आपल्याच देशासाठी राखलेल्या १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल आपण बोललो नाही, तर दुसरे कुणी बोलणार नाही. उपग्रह कंपन्यांची फौज तिथे असेलच.

या मागण्या रेल्वेविरोधी नाहीत, दुर्बीणविरोधी नाहीत आणि इंटरनेटविरोधीही नाहीत. तिन्ही गोष्टी आपल्याला हव्या आहेत, म्हणूनच नियम हवे आहेत. नियम नसले की सर्वांत सोपे डोके शोधले जाते आणि त्याच्यावर ओझे ठेवले जाते. जमिनीवरचा रूळ अडवणे सोपे, कारण त्याच्या बाजूला उभे असतात ते सिन्नरचे शेतकरी आणि नारायणगावचे व्यापारी. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामागे उभे असतात जगातील सर्वांत श्रीमंत उद्योजक.

सिन्नरच्या बसस्थानकावरचे ते वाक्य थोडे बदलायला हवे. आपली रेल्वे दुर्बिणीमुळे अडली नाही. दुर्बिणीसाठी वेळेवर धोरण न लिहिल्यामुळे ती अडली. उपग्रहांच्या बाबतीत ते धोरण लिहायला अजून वेळ आहे, फार नाही. तेही लिहिले नाही, तर काही वर्षांनी पुण्याला जायला सरळ रेल्वे नसेल आणि खोडदच्या तबकड्यांना खरखरीशिवाय फारसे ऐकूही येत नसेल. मग सिन्नरकर विचारतील की रेल्वे सोडून आम्ही नक्की काय वाचवले? त्या प्रश्नाचे उत्तर आजच तयार करायला हवे.